माणकाची पावती

‘लाल’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. रंगाला नाव नव्हतं म्हणून आला असंही नाही. तांबडा होता, आरक्त होता. पण फारसीत ‘लाल’ म्हणजे नुसता रंग नाही, ते एका रत्नाचंही नाव आहे. बदख्शानच्या डोंगरांतून निघणाऱ्या लाल, पारदर्शक खड्याला तिकडे ‘लाल-ए-बदख्शान’ म्हणत. म्हणजे आपण लाल साडी म्हणतो, एसटीला लाल डबा म्हणतो, तेव्हा नकळत एका खड्याचं नाव घेत असतो. गंमत अशी की रोज तोंडात असलेल्या या खड्याला आपल्या नवरत्नांत जागा नाही. तिथे माणिक आहे.

लाल आणि माणिक हे दोन वेगळे दगड आहेत. माणिक म्हणजे खनिजशास्त्राच्या भाषेत कोरंडम, लाल म्हणजे स्पिनेल. दोन्ही बहुधा संगमरवराच्या थरांत जन्मतात, कधी कधी एकाच टेकडीत शेजारी शेजारी सापडतात, आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर भले भले जवाहिरे फसतात. या दोघांना वेगळं ओळखायला माणसाला किती काळ लागला, आणि ओळखल्यानंतरही काय ओळखायचं राहून गेलं, याची ही गोष्ट आहे.

पाण्यात बुडवलेला खडा

बदख्शानची मुख्य खाण कूह-इ-लाल आजच्या ताजिकिस्तानात, पंज नदीच्या काठावर आहे. तिच्या शोधाची जुनी कथा मला फार आवडते. भूकंपाने डोंगर दुभंगला आणि आतून लाल खडे बाहेर पडले. गावातल्या बायकांना वाटलं, हे रंगाचे दगड असणार. त्यांनी ते कुटले, कापडाला रंग देऊन पाहिला. कापड कोरंच राहिलं. कथा खरी असो वा नसो, त्या बायकांनी केली ती परीक्षाच होती: दगड घ्या, त्याच्यावर काहीतरी करा, आणि काय होतं ते बघा.

अशी परीक्षा शिस्तीने करणारा माणूस म्हणजे अल-बिरूनी. भारतावरच्या ग्रंथामुळे आपण त्याला ओळखतो. अकराव्या शतकात, आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत, गझनीचा सुलतान मौदूद याच्या दरबारी असताना त्याने रत्नांवर एक ग्रंथ लिहिला. साप पाचूकडे पाहील तर आंधळा होतो, अशी त्या काळी सर्वत्र समजूत होती. बिरूनीने एका सापाच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, डोळ्यांसमोर पाचू हलवले. हा उद्योग उन्हाळा-हिवाळा धरून नऊ महिने चालला. सापाला काही झालं नाही. झालंच असेल तर नजर तेज झाली, असं त्याने लिहून ठेवलं.

याच माणसाने लाल दगडांचा घोळ वजनाने सोडवला. बाजूला तोटी असलेलं एक भांडं काठोकाठ पाण्याने भरायचं. त्यात खडा टाकला की तोटीतून जेवढं पाणी बाहेर पडेल ते तोलायचं. खड्याचं वजन आणि बाहेर आलेल्या पाण्याचं वजन यांची तुलना केली की खड्याची घनता कळते. निळा याकूत, म्हणजे आपला नीलम, त्याने १०० धरला आणि बाकीची रत्नं त्याच्याशी मोजली. लाल बदख्शी त्यात स्पष्टपणे हलका निघाला. आजच्या मोजमापानुसार कोरंडमची घनता ४.० च्या आसपास, स्पिनेलची ३.६ च्या आसपास. म्हणजे दहा टक्क्यांचा फरक, आणि तो हजार वर्षांपूर्वी एका तोटीच्या भांड्याने पकडला होता.

युरोपात हीच गोष्ट स्फटिकांच्या आकारावरून नीट मांडली गेली ती १७८३ साली, रोमे द लिल या फ्रेंच माणसाच्या ग्रंथात. तोवर तिकडे लाल ते सगळं रुबी होतं. आपल्याकडे १३१५च्या सुमारास अल्लाउद्दीन खिलजीच्या दिल्लीत ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने ‘रत्नपरीक्षा’ लिहिली, तेव्हा ‘लाल’ हे परदेशाहून आलेलं रत्न म्हणून माणकापासून वेगळं नोंदवलं होतं. बाजारात बसणाऱ्या माणसाला हा फरक माहीत असावाच लागतो. पैसे त्याचे जातात.

राजांच्या सह्या

युरोपातल्या गोंधळाचा सर्वांत मोठा पुरावा ब्रिटनच्या राजमुकुटात आहे. इम्पीरियल स्टेट क्राउनच्या पुढच्या बाजूला, दर्शनी जागी, कोंबडीच्या अंड्याएवढा एक लाल दगड आहे. त्याचं नाव ‘ब्लॅक प्रिन्सची रुबी’. १३६७मध्ये नाहेराच्या लढाईत कॅस्टीलच्या पेद्रो राजाला मदत केली म्हणून इंग्लंडच्या राजपुत्राला तो मिळाला, असं सांगतात. पेद्रोने तो ग्रॅनडाच्या सुलतानाला मारून मिळवला होता, असंही सांगतात. १४१५मध्ये अॅजिनकोर्टच्या रणांगणावर पाचव्या हेन्रीच्या शिरस्त्राणात तो होता म्हणे. एवढी परंपरा, आणि दगड स्पिनेल. लाल. माणिक नव्हेच.

दुसरा आपल्या जवळचा. ‘तैमूर रुबी’ नावाचा साडेतीनशे कॅरटहून मोठा दगड. तोही लालच. मोगलांना या दगडांचं अतोनात वेड होतं आणि त्यावर ते आपली नावं कोरत. या दगडावर जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, फर्रुखसियर ही नावं आहेत. नंतर नादिरशहा, ज्याने तो १७३९मध्ये दिल्लीतून नेला. मग अहमदशहा दुर्रानी. पुढे तो रणजितसिंहांकडे, लाहोरला आला. १८४९मध्ये पंजाब गिळल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने तो ताब्यात घेतला आणि १८५१मध्ये राणी व्हिक्टोरियाला दिला. तैमूरशी त्याचा काही संबंध असल्याचं मात्र अलीकडच्या संशोधकांना मान्य नाही. नावातले दोन्ही शब्द चुकीचे: ना तैमूर, ना रुबी.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. आमच्याकडे एखादी फाइल आली की दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. ही फाइल तीच आहे का, वाटेत बदलली तर नाही? आणि ही नक्की कुणी पाठवली? पहिल्याचं उत्तर फाइलमधूनच गणित करून काढता येतं. दुसऱ्यासाठी सही लागते, आणि ती सही खरी मानणारी व्यवस्था लागते. रत्नांचा इतिहास वाचताना मला हेच दोन प्रश्न सतत दिसत राहिले. हा दगड कोणता, हे दगडालाच विचारता येतं. बिरूनीचं भांडं पुरतं. हा दगड कुणाचा, हे दगड कधीच सांगत नाही. त्यासाठी त्यावर नाव कोरावं लागतं, आणि कोरलेलं नावही लुटारूला अडवत नाही. तो फक्त खाली आपलं नाव कोरतो.

एकाच घराण्यातले शत्रू

आता माणकाकडे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त हिरा, मोती, पद्मराग आणि मरकत यांच्यावर स्वतंत्र अध्याय आहेत. पद्मराग म्हणजे माणिक. सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक या तिघांपासून तो होतो, असं तिथे म्हटलं आहे. यातला ‘कुरुविंद’ महत्त्वाचा. तमिळमध्ये ‘कुरुंदम’, मराठीत ‘कुरुंद’. धार लावायला, घासायला वापरतात तो कुरुंदाचा दगड. याच शब्दावरून इंग्रजांनी कोरंडम हे नाव घेतलं आणि जगाने ते स्वीकारलं. म्हणजे लोहाराकडचा कुरुंद आणि राणीच्या गळ्यातलं माणिक एकाच जातीचे, हे भाषेला आधीच ठाऊक होतं.

शुद्ध कुरुंद, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड, रंगहीन असतो. त्यात शंभरात एखादा अॅल्युमिनियमचा अणू काढून तिथे क्रोमियम बसला की तो लाल होतो. लोखंड आणि टायटॅनियम शिरले की निळा होतो, तो नीलम. ज्योतिषी माणिक सूर्याचं आणि नीलम शनीचा मानतात, आणि दोन्ही एकत्र घालू नका म्हणून बजावतात, कारण बापलेकांचं पटत नाही. शनी सूर्याचा मुलगा. रसायनशास्त्राचंही म्हणणं तेच आहे: घराणं एक, भेसळ वेगळी.

त्याहून विस्मयकारक म्हणजे पाचूचा हिरवा रंगही बहुतेक वेळा क्रोमियमचाच असतो. भोवतालचे अणू वेगळे, त्यांची पकड थोडी सैल, त्यामुळे तोच क्रोमियम प्रकाशातला वेगळा भाग गिळतो आणि हिरवा सोडतो. रंग त्या अणूचा एकट्याचा नसतो. तो कुणाच्या शेजारी बसला आहे यावर ठरतो.

माणकाची आणखी एक खासियत आहे. उन्हातला निळा-जांभळा प्रकाश पिऊन त्यातला क्रोमियम स्वतः लाल प्रकाश सोडतो. खड्यात लोखंड कमी असेल तर ही झळाळी अधिक. माणकाच्या आत विस्तव असतो, ते अंधारात दिव्यासारखं जळतं, या जुन्या समजुतींच्या मुळाशी हे असावं. १९६०मध्ये थिओडोर मेमनने जगातला पहिला लेझर चालवून दाखवला, तो याच गुणाच्या जोरावर, माणकाच्या एका कांडीतून.

आपल्या पूर्वजांनी या लालीला नावं दिली ती सगळी अंगणातली आहेत. गरुडपुराणात माणकाचा रंग सांगताना जास्वंद येते, पळस येतो, डाळिंबाचा दाणा, गुंज, आणि पहिल्या पावसात मखमलीचा ठिपका होऊन मातीवर चालणारा मृगाचा किडा येतो. उत्पत्तीची कथाही तिथेच आहे. बल नावाच्या असुराचा देवांनी यज्ञात बळी दिला आणि त्याच्या देहाची रत्नं झाली. त्याचं रक्त सूर्य घेऊन चालला होता; रावणाने वाट अडवली आणि ते सिंहलद्वीपाच्या नदीत पडलं. तेच माणिक. लंकेच्या नद्यांच्या वाळूत आजही माणकं सापडतात. कथा रचणाऱ्याला खाणीचा पत्ता बरोबर माहीत होता.

पण सर्वांत गडद माणकं लंकेची नव्हेत. ती ब्रह्मदेशाची, मोगोकच्या खोऱ्यातली. तिथले लोक त्या रंगाला कबुतराचं रक्त म्हणतात. तिथल्या संगमरवरात लोखंड नगण्य, म्हणून झळाळी पूर्ण. माणिक शरीरात रुतवून घेतलं तर योद्ध्याला जखम होत नाही, अशीही तिकडची जुनी श्रद्धा.

रत्नागिरीतला राजा

मोगोकच्या खाणींवर राजाचा हक्क होता. ठरावीक किमतीपुढचा प्रत्येक खडा राजाचा. त्यामुळे मोठे खडे फोडून लपवले जात. यावर एक दंतकथा आहे. ङा मौक नावाच्या माणसाला एक विलक्षण माणिक सापडलं. त्याने त्याचे दोन तुकडे केले, एक राजाला दिला, दुसरा गुपचूप विकला. विकलेला तुकडा फिरत फिरत राजाकडेच आला, दोन्ही जोडून पाहिले तर चपखल बसले. पुढचं सांगायला नको. ङा मौकचं कुटुंब जिवंत जाळलं गेलं. माणकाला मात्र त्याचंच नाव राहिलं.

हे ङा मौक माणिक शेवटचा राजा थिबा याच्याकडे होतं. १८८५मध्ये सागवानाच्या ओंडक्यांवरून त्याचा बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनशी वाद झाला. ही कंपनी १८६३ साली आपल्या मुंबईत स्थापन झालेली. वाद हे निमित्त. उत्तर ब्रह्मदेश इंग्रजांना हवाच होता, त्यात सागवान होतं, माणकं होती, आणि तिथे फ्रेंचांनी शिरू नये ही धास्तीही होती. नोव्हेंबरात सुरू झालेलं युद्ध दोन आठवड्यांत संपलं. २९ नोव्हेंबरला राजा आणि राणी सुपायालत यांना मंडालेच्या राजवाड्यातून बाहेर काढून बोटीवर चढवलं. त्या गडबडीत राजवाड्यातलं किती काय गेलं याची मोजदाद नाही. थिबाचं म्हणणं असं की ङा मौक माणिक आणि इतर दागिने त्याने कर्नल स्लेडन या इंग्रज अधिकाऱ्याकडे सांभाळायला दिले होते.

पावती नव्हती.

आधी मद्रासला आणि मग एप्रिल १८८६मध्ये राजाला रत्नागिरीला आणलं. माणकांच्या राजाला ठेवायला इंग्रजांना रत्नागिरीच सापडावी, हा निव्वळ योगायोग. रेल्वे नव्हती, पावसाळ्यात बंदर बंद, पळून जायला वाट नाही, एवढंच त्यांनी पाहिलं असणार. तिथून थिबाने दागिने परत मागणारे अर्ज केले. स्लेडन १८९०मध्ये वारला. अर्जांतून काही निष्पन्न झालं नाही. १९११मध्ये पंचम जॉर्ज दिल्ली दरबाराला आला तेव्हाही राजाने आपल्या माणकाची आठवण करून दिली होती.

रत्नागिरीचा थिबा पॅलेस १९१०मध्ये बांधून झाला. मी तो पाहिला तो एका डिसेंबरात. तीन मजली, लाल विटांची, उतरत्या छपरांची इमारत. तिच्या उंचवट्यावरून खाली भाट्याची खाडी आणि समुद्र दिसतो. राजा दुर्बिणीतून जहाजं बघत बसायचा, असं रत्नागिरीत सांगतात. पेन्शन अपुरी पडे, खर्च आटोक्यात नसे, आणि बरोबर आणलेली रत्नं एकेक करून विकली जात. विकताना भाव करणार तरी कसा? ज्याने आयुष्यात कधी बाजार पाहिला नाही, असा माणूस. डिसेंबर १९१६मध्ये तो तिथेच गेला. २०१६मध्ये शंभराव्या स्मृतिदिनाला त्याचे वंशज आणि म्यानमारचे उपराष्ट्रपती रत्नागिरीत समाधीवर आले होते.

थोरल्या राजकन्येची मुलगी रत्नागिरीतच वाढली. तिने इथल्याच माणसाशी लग्न केलं, ती मराठीच बोलायची, गोवऱ्या थापून आणि कागदाची फुलं करून तिने संसार ओढला. जगातल्या सर्वोत्तम माणकांच्या खाणी जिच्या आजोबांच्या होत्या, ती ही बाई. हे कारुण्य रंगवून सांगायची गरज नाही. वारसा हक्काने येतो, पण हक्क मानणारं कुणी उरलं नाही तर तो नुसती आठवण होतो, इतकंच.

नळीतून पडणारी भुकटी

राजा रत्नागिरीत असताना त्याच्या खाणींचं काय झालं? १८८९मध्ये लंडनमध्ये बर्मा रुबी माइन्स कंपनी निघाली. मागे रॉथचाइल्डचं वजन, त्यामुळे शेअर्ससाठी झुंबड उडाली. कंपनीने मोगोकला यंत्रं नेली, पाणी उपसलं, वस्ती हलवून तिच्याखालची खडी खणली. तरी १९२५मध्ये ती दिवाळखोरीच्या दाराशी येऊन गुंडाळायला निघाली. मोगोकच्या मधोमध आज दिसणारं सुंदर तळं म्हणजे तिचा पाण्याने भरलेला खड्डा.

खाणीतल्या अडचणी होत्याच. पण एक संकट पॅरिसच्या प्रयोगशाळेतून आलं. ज्या १८८६मध्ये थिबा रत्नागिरीला पोचला, त्याच सुमारास जिनिव्हाच्या बाजारात काही संशयास्पद माणकं दिसू लागली होती. ती कृत्रिम निघाली. मग ऑग्यूस्त व्हर्नय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने पक्की कृती शोधली. तिची टिपणं त्याने १८९१ आणि १८९२मध्ये मोहोरबंद करून पॅरिसच्या अकादमीत ठेवली आणि १९०२मध्ये जाहीर केली. हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या ज्योतीतून अॅल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी, किंचित क्रोमियम घालून, वरून हळूहळू सोडायची. दोन हजार अंशांवर ती वितळते आणि खालच्या टोकावर थेंब थेंब साठत एक लांबट माणिक वाढतं. काही तासांत.

हे काचेचं नक्कल माणिक नव्हे. घनता तीच, कठीणपणा तोच, चमक तीच. बिरूनीच्या भांड्यात टाकलं तर भांडं माणिक म्हणूनच पास करेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण बरोबर येतं, आणि तरी काहीतरी चुकलेलं असतं. फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली: खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ, कोनात; ज्योतीतल्या माणकात वक्र, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या, आणि हवेचे गोल बुडबुडे. हे लक्षात येईपर्यंत ते खडे सगळीकडे पोचले होते, खुद्द मोगोकच्या बाजारातही.

आमच्या घरीही पोचले होते. आजीची एक अंगठी होती, लाल खड्याची. ताईच्या लग्नात ती द्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी ती प्रयोगशाळेत नेली. अहवाल आला: कृत्रिम कोरंडम. बाबा जरा खट्टू झाले. आजी अजिबात नाही. म्हणाली, बहात्तरच्या दुष्काळात ही गहाण ठेवायला नेली होती, तेव्हाच सोनाराने खडा काढून बाजूला ठेवला आणि नुसतं सोनं तोललं. मला तेव्हाच कळलं होतं.

आजी म्हणाली ते कुठल्याही सोनाराच्या पेढीवर खरं ठरतं. आपल्याकडे घेताना खड्याचे पैसे मोजायचे आणि मोडताना तो शून्य धरायचा, हा रिवाज आहे. गंमत म्हणजे त्याच घरात आजोबांचं एचएमटीचं घड्याळ होतं, तबकडीवर ‘सतरा ज्वेल्स’ लिहिलेलं. ते सतरा दागिने म्हणजे चाकांच्या आसांखाली बसवलेली चिमुकली कृत्रिम माणकं, झिजू नयेत म्हणून. आजीच्या बोटात एक, आजोबांच्या मनगटावर सतरा, जात एकच. घड्याळातली रोज काम करत होती, आणि ती खरी की खोटी असं कुणी कधी विचारलं नाही.

कागदावरचे रकाने

आज महागडं माणिक कागदाशिवाय विकलं जात नाही. प्रयोगशाळेच्या दाखल्यात पहिल्यांदा असतं, नैसर्गिक की कृत्रिम. मग, भट्टीत तापवलेलं की न तापवलेलं, कारण बाजारातली बहुसंख्य माणकं रंग खुलवायला तापवलेली असतात, आणि हलक्या दर्जाच्या माणकांच्या भेगांत तर शिशाची काचही भरलेली असते. शेवटी उगम: ब्रह्मदेश, मोझांबिक, श्रीलंका. खड्यातल्या सूक्ष्म घटकांवरून आणि आतल्या रेशमासारख्या सुयांवरून तज्ज्ञ तो ठरवतात.

या उगमाच्या एका शब्दाची किंमत केवढी? २०१५मध्ये जिनिव्हात ‘सनराइज रुबी’ हे २५.५९ कॅरटचं ब्रह्मी माणिक सुमारे तीन कोटी तीन लाख डॉलरला गेलं. २०२३मध्ये न्यूयॉर्कला मोझांबिकचं ५५.२२ कॅरटचं ‘एस्ट्रेला दि फुरा’ तीन कोटी अठ्ठेचाळीस लाखांना. दुसरं दुपटीहून मोठं, पण कॅरटमागे भाव जवळजवळ निम्मा. मोठ्या खड्याचा कॅरटमागचा भाव एरवी चढा असतो. दर्जा वगैरे कारणं असतीलच, तरी नावाचा वाटा नाकारता येत नाही. रसायन जवळपास तेच. ‘मोगोक’ या नावामागे साचलेल्या गोष्टींना गिऱ्हाईक पैसे मोजतं. राजा, राजवाडा, कबुतराचं रक्त, हरवलेलं माणिक. थिबाला ज्या इतिहासाने काही परत मिळालं नाही, तो इतिहास दुसऱ्यांच्या खड्यांचा भाव वाढवतो आहे.

राणी एलिझाबेथच्या लग्नात, १९४७मध्ये, ब्रह्मदेशाच्या जनतेने तिला ९६ माणकं दिली. माणसाला ९६ रोग होऊ शकतात आणि प्रत्येकावर एक माणिक, ही तिथली समजूत. १९७३मध्ये राणीने त्यांचा टिआरा करून घेतला. दिलेल्या ९६ची नोंद बिनचूक आहे. स्लेडनच्या हाती दिलेल्या एकाची नाही. त्यामुळे ङा मौक माणिक ब्रिटिश राजघराण्यातच कुठेतरी आहे असं मानणारे लोक म्यानमारमध्ये आजही भेटतात, आणि त्यांना खोटं पाडायलाही पुरावा नाही, खरं ठरवायलाही.

दाखल्यात अजून एक रकाना नाही. मोगोकला खाणीतून धुऊन टाकलेल्या खडीत पुन्हा चाळून काही मिळतं का ते बायका बघतात. त्यांना ‘कनासे’ म्हणतात. टाकलेल्या खडीत सापडेल ते त्यांचं, असा तिथला जुना रिवाज आहे. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून घमेलं फिरवायचं, लाल ठिपका दिसला की जिभेखाली किंवा पदरात ठेवायचा. २०२४च्या जुलैत मोगोक लष्कराच्या हातून बंडखोर सेनेने घेतलं. खाणींचा मालक पुन्हा बदलला. घमेलं फिरवणारीला त्याने काय फरक पडला हे कुठल्या दाखल्यावर येणार नाही.

बिरूनीच्या काळापासून पहिल्या प्रश्नात आपण फार पुढे आलो. दगड किती अंशावर तापला होता, कोणत्या खोऱ्यात वाढला, हे आता दहा लाखात एक भाग इतक्या बारकाईने कळतं. दुसरा प्रश्न जिथे होता तिथेच आहे. हा कुणाचा? कुणी काढला, कुणाकडून घेतला, काय दिलं? ज्याच्या हातात छिन्नी होती त्याने नाव कोरलं, ज्याच्याकडे कचेरी होती त्याने नोंद ठेवली. चाळणारीकडे दोन्ही नव्हतं. रत्नागिरीला आलेल्या राजाकडेही शेवटी नव्हतं.